जुनी टर्बो सुपर्ब घेऊन तिला मॅन्युअल गिअरबॉक्स बसवावा का?

विश्रामबागकर (सांगली):

नमस्कार. गेली नऊ वर्षे मी एक लहान पेट्रोल हॅचबॅक चालवत आहे. आता सहा लाखांच्या आत एखादी जुनी, टर्बो इंजिनाची युरोपियन सेडान घ्यावी असे ठरवले आहे. आईच्या दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया झाली असून दर दीड-दोन महिन्यांनी तिला तपासणीसाठी पुण्याला न्यावे लागते, त्यामुळे मागच्या सीटवर पाय लांब करून बसता येईल अशी गाडी हवी, ही पहिली अट आहे. दुसरी अट माझी स्वतःची आहे: गाडी मॅन्युअल असावी. गिअर हाताने टाकण्यात मला आजही मनापासून आनंद वाटतो, आणि पुढची दहा वर्षे मी तीच गाडी सांभाळणार आहे.

सध्या समोर स्कोडाच्या तीन गाड्या आहेत. पहिली २०११ ची सुपर्ब १.८ टीएसआय (टर्बो पेट्रोल), एकाच मालकाने वापरलेली, रंग आणि बॉडी उत्तम, चालतेही सुरेख. पण तिला सात स्पीडचा डीएसजी, म्हणजे दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आहे. दुसरी कराडची लॉरा १.८ टीएसआय, सहा स्पीड मॅन्युअल. तिसरी २००५ ची ऑक्टाव्हिया आरएस, जिच्यावर कॉलेजपासून माझे मन जडलेले आहे. मात्र तिच्या मागच्या सीटवर आईला अवघडल्यासारखे होईल.

सुपर्ब घेऊन तिला मॅन्युअल गिअरबॉक्स बसवून घ्यावा, असा विचार डोक्यात घोळत आहे. हे काम आपल्या भागात नीट होऊ शकते का, त्यात नेमके काय काय बदलावे लागते आणि एवढा खटाटोप करण्यात अर्थ आहे का, हे ज्यांनी प्रत्यक्ष केले असेल त्यांनी सविस्तर सांगावे, ही विनंती.

अजिंक्यतारा_११ (सातारा):

मी हे काम केलेले आहे. गाडी याच घराण्यातली होती आणि काम पुरे व्हायला साडेतीन महिने लागले, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

आधी डीएसजीविषयी. तुम्ही पाहिलेल्या सुपर्बमध्ये जो बॉक्स आहे त्याला डीक्यू २०० म्हणतात. त्याचे दोन्ही क्लच कोरडे असतात आणि तो जास्तीत जास्त २५० न्यूटन-मीटर टॉर्क पेलण्यासाठी बनवलेला आहे, १.८ टीएसआय इंजिनाचा टॉर्क नेमका २५० आहे, म्हणजे बॉक्स पहिल्या दिवसापासून आपल्या मर्यादेवरच काम करतो. पुण्याहून परतताना रविवारी संध्याकाळी खंबाटकी घाटात वाहने मुंगीच्या पावलांनी सरकतात तेव्हा हा कोरडा क्लच सतत घसरत राहतो आणि ती उष्णता वाहून न्यायला भोवती ऑइल नसते. सहा स्पीडच्या डीएसजीत क्लच ऑइलमध्ये बुडालेले असतात, त्यामुळे तो असा रखडत चालणे जास्त सहन करतो. नोव्हेंबर २०१३ मध्ये फोक्सवॅगनने जगभरातल्या सुमारे १६ लाख गाड्या परत बोलावून या सात स्पीडच्या बॉक्समधले सिंथेटिक ऑइल काढून मिनरल ऑइल भरले होते, कारण उष्ण आणि दमट हवेत आतल्या विद्युत भागात शॉर्ट सर्किट होण्याचा संभव दिसून आला होता. तुम्हाला मिळणाऱ्या गाडीच्या सर्व्हिस रेकॉर्डमध्ये असे काही काम नोंदलेले आहे का, ते जरूर पाहा.

आता बदलाविषयी. बॉक्स उतरवला आणि दुसरा चढवला एवढ्यावर हे काम संपत नाही. गिअरबॉक्सबरोबर मॅन्युअलचे वेगळे ड्युअल मास फ्लायव्हील, क्लचप्लेट, प्रेशर प्लेट, क्लच पेडलसह संपूर्ण पेडल बॉक्स, क्लचचा मास्टर सिलिंडर, गिअर लिव्हर आणि त्याच्या दोन केबल, बॉक्सचे माउंटिंग, स्टार्टर, रिव्हर्स लाइटचा स्विच आणि क्लच पेडलवरचा स्विच हे सर्व लागते. दोन्ही बाजूंचे एक्सल लांबीला जुळतात की नाही, हे मोजूनच ठरवावे. क्लच दाबणारा सिलिंडर बॉक्सच्या आत, घंटेसारख्या भागात बसलेला असतो. तो जुना असेल तर बॉक्स उघडा असतानाच नवा घाला, कारण नंतर गळू लागला तर पुन्हा सगळा बॉक्स उतरवावा लागतो. मी तिथे थोडे पैसे वाचवले होते आणि चौथ्या महिन्यात ते सर्व काम दुसऱ्यांदा करावे लागले.

एक बारीक गोष्ट मला त्या वेळी फार आवडली होती. ब्रेक ऑइलच्या डबीला बाजूला एक छोटी नळी असते आणि ऑटोमॅटिक गाडीत तिचे तोंड बंद असते. ते टोक कापले की क्लचच्या मास्टर सिलिंडरला ऑइल तिथूनच मिळते. कारखान्याने एकच डबी दोन्ही प्रकारच्या गाड्यांसाठी बनवली होती, हे पाहून काम शक्य आहे याची मला पहिल्यांदा खात्री पटली. पण टोक कापण्यापूर्वी डबीतले ऑइल उपसून घ्यावे आणि प्लॅस्टिकचा कण आत पडू देऊ नये.

खरे कठीण काम यानंतर सुरू होते. इंजिनाचा ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा संगणक, गिअरबॉक्सच्या संगणकाकडून सतत संदेश येण्याची वाट पाहत असतो. ते संदेश आले नाहीत की फॉल्ट नोंदवला जातो, दिवे लागतात आणि कधी इंजिनाची ताकदही कमी केली जाते. त्यामुळे गेटवेच्या (गाडीतले सगळे संगणक एकमेकांना जोडणाऱ्या भागाच्या) यादीतून गिअरबॉक्सचे नाव काढणे, इंजिन, एबीएस आणि मीटर या तिघांना गाडी आता मॅन्युअल आहे असे कोडिंगने सांगणे आणि लिव्हर पी किंवा एनवर असल्याशिवाय स्टार्टर फिरू न देणारी जोडणी बदलणे, हे सर्व करावे लागते. मॅन्युअल गाडीचा ईसीयू आणून लावू म्हणाल, तर इमोबिलायझर (चोरी रोखणारे इलेक्ट्रॉनिक कुलूप) आडवा येतो. ज्या गॅरेजमध्ये मी गाडी दिली होती तिथले मिस्त्री लोखंडाच्या कामात अतिशय तरबेज होते, पण कोडिंग करणारा माणूस त्यांच्याकडे नव्हता आणि गाडी पाच आठवडे नुसती उभी राहिली. म्हणून आधी कोडिंग करणारा माणूस पक्का करा आणि मगच बॉक्स शोधायला निघा. गाडीचा वेग एबीएसच्या चाकांवरील सेन्सरवरून मोजला जातो, त्यामुळे स्पीडोमीटर बिघडत नाही, एवढा एक दिलासा.

डिझेल गाडीचा बॉक्स स्वस्तात मिळतो म्हणून तो घेऊ नका. त्याचे गिअर लांब असतात आणि पेट्रोल इंजिन त्यावर सुस्त वाटते. सुटे भाग चार ठिकाणांहून गोळा करण्यापेक्षा अपघातात मागून चेपलेली, पण पुढून धड असलेली मॅन्युअल १.८ टीएसआय अख्खी मिळवणे हाच शहाणपणाचा मार्ग आहे.

आणि आता माझे स्पष्ट मत. सुपर्ब १.८ टीएसआय आपल्याकडे सहा स्पीड मॅन्युअलमध्येही विकली गेली आहे. ज्या गाडीची मॅन्युअल आवृत्ती देशातच मिळते तिच्यासाठी मी हे काम पुन्हा करणार नाही. माझी गाडी मला वडिलांकडून आली होती, ती विकणे शक्य नव्हते, म्हणून मी केले. तुमच्या बाबतीत तसे बंधन नाही.

कुपवाडचा मेस्त्री:

वरील सर्व मजकुराशी मी सहमत आहे. तरीही गिअरबॉक्सच्या चर्चेत इंजिन बाजूला पडू नये असे वाटते, कारण या वयाच्या टर्बो गाडीत खरा पैसा तिथे जातो.

१.८ टीएसआयला टायमिंग बेल्ट नसून चेन आहे. चेन ताणून धरणारा टेन्शनर सैल झाला की चेन दात सोडते आणि व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात. गाडी रात्रभर थंड राहिलेली असताना सकाळी पहिला स्टार्ट स्वतः ऐका. डब्यात खिळे हलवावेत तसा आवाज दोन-तीन सेकंद आला, तर त्या गाडीचा सौदा चेनचे काम धरूनच करा किंवा सोडून द्या. मालकाने तुम्ही पोहोचण्याआधीच इंजिन तापवून ठेवले असेल, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जा. स्कॅनर लावून कॅमशाफ्ट आपल्या जागेपासून किती अंश सरकला आहे हेही पाहता येते, म्हणजे चेन किती ताणली गेली याचा अंदाज येतो. या मालिकेतल्या अनेक इंजिनांत पिस्टनच्या ऑइल रिंगमधून ऑइल जळते, तेही तपासावे लागते. पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारले जात असल्याने इनटेक व्हॉल्व्ह धुतले जात नाहीत आणि त्यांवर काजळीचा थर बसतो. तो अक्रोडाच्या कवचाचा भुगा फवारून काढता येतो, त्यासाठी इंजिन उघडावे लागत नाही.

ऑक्टाव्हिया आरएसचे १.८ टर्बो इंजिन जुन्या पिढीतले, २० व्हॉल्व्हचे आणि १५० पीएसचे आहे. ते मला व्यक्तिशः अधिक भरवशाचे वाटते, मात्र त्याला बेल्ट आहे आणि तो वॉटर पंपासह वेळेवर बदललाच पाहिजे. पेट्रोल पंपावर आता २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते आणि ही इंजिने त्यासाठी बनलेली नव्हती, म्हणून इंधनाचे सर्व रबरी होज पाइप एकदा नवे घालून टाकावेत.

शेवटी आपल्या भागापुरती एक सूचना. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात सांगलीतल्या कितीतरी गाड्या पाण्याखाली होत्या. गाडी एमएच १० किंवा एमएच ०९ पासिंगची असो वा नसो, मागच्या सीटचा बेल्ट शेवटच्या टोकापर्यंत ओढून पाहा. वरचा पट्टा लोक धुतात, पण आत गुंडाळलेल्या भागावर गाळाची पिवळट रेघ राहते. सीटच्या रुळांखालचे नटबोल्ट आणि कार्पेटखालचा फोमही हात घालून तपासा. ज्या गाडीच्या वायरिंगमध्ये एकदा कृष्णेचे पाणी गेले, तिच्यावर असे कोडिंगचे काम करायला मी तरी तयार होणार नाही.

कराड_५०:

कायद्याची बाजू कोणी मांडली नाही म्हणून लिहितो. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार, उत्पादकाने मूळ ठरवलेल्या आणि आरसीवर नोंदलेल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हीच भूमिका घेतली आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवानगी बदलासाठी प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. आरसीवर इंजिन क्रमांक, चासी क्रमांक, इंधन, सीसी आणि वजन असते, गिअरबॉक्सचा क्रमांक नसतो. परंतु अनेक गाड्यांच्या मॉडेलच्या नावातच ‘एटी’ ही अक्षरे असतात आणि मग विसंगती सरळ कागदावरच दिसते. त्यामुळे हात घालण्यापूर्वी परिवहन कार्यालयाचे आणि विमा कंपनीचे म्हणणे लेखी घ्यावे. शिवाय २०११ ची गाडी २०२६ मध्ये पंधरा वर्षांची होते. त्यानंतर तपासणी होऊन आणि पर्यावरण कर भरून नोंदणी पाच-पाच वर्षांसाठीच वाढवून मिळते, आणि बदललेली गाडी त्या तपासणीला उभी करावी लागेल, हे लक्षात असू द्यावे.

विश्रामबागकर (सांगली):

आपण सर्वांनी इतका वेळ देऊन लिहिले, त्याबद्दल मनापासून आभार. सुपर्ब मॅन्युअलमध्येही आली होती हे मला ठाऊकच नव्हते. शोध घेतल्यावर पुण्यात २०१० ची एक मॅन्युअल १.८ टीएसआय मिळाली आहे. ती १ लाख ४० हजार किलोमीटर चालली आहे आणि उजव्या दारावर टिंकरिंगचे काम दिसते, पण आईला मागे बसवून पाहिले तेव्हा तिने आपणहून पाय लांब केले. आधीची डीएसजी केवळ ६८ हजार चालली आहे, म्हणून मन अजून दोलायमान आहे. पुण्यातल्या गाडीचे मालक आठवडाभर थांबायला तयार आहेत. या आठवड्यात मी नेमके काय करावे?

अजिंक्यतारा_११ (सातारा):

मॅन्युअलच घ्या, मात्र ऑइलची परीक्षा झाल्यावर. मालकांची हरकत नसेल तर सपाट जागी इंजिन बंद करून दहा मिनिटे थांबा, ऑइल वरच्या खुणेपर्यंत भरा आणि डिपस्टिकचा फोटो काढून ठेवा. मग त्यांच्याबरोबर पुणे-सातारा जाऊन-येऊन दोन फेऱ्या करा. खंबाटकी चढताना तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण रेझ द्या आणि उतारावर पाय सोडल्यानंतर पुन्हा ॲक्सिलरेटर दाबताना आरशात निळा धूर दिसतो का ते पाहा. कंपनीच्या पुस्तिकेत हजार किलोमीटरला अर्ध्या लिटरपर्यंत ऑइल लागणे चालते असे म्हटलेले असते. दोन फेऱ्यांचे अंतर साधारण साडेचारशे किलोमीटर भरेल, तेव्हा पाव लिटरच्या आसपास किंवा अधिक ऑइल कमी झाले तर रिंगचे काम धरून किंमत सांगा, आणि खूण जवळपास तिथेच राहिली तर दाराच्या टिंकरिंगकडे दुर्लक्ष करा. क्लचही त्याच चढावर कळेल: चौथ्या गिअरमध्ये पूर्ण दाबल्यावर आरपीएम वाढला आणि वेग वाढला नाही, तर क्लचप्लेट, प्रेशर प्लेट आणि फ्लायव्हील यांचा खर्च वजा करून व्यवहार करा. साताऱ्यात याल त्या दिवशी आधी कळवा. माझ्याकडे स्कॅनर आहे, पोवई नाक्याजवळ भेटून चेनचे आकडे एकत्र पाहू.