ठसे मोजून नाणी किती पाडली ते कळतं का?

खोटं_नाणं (धागाकर्ता)

प्राचीन ग्रीसवरच्या लेखांत एक वाक्य हमखास भेटतं: "अमुक शहराने या काळात इतके लाख ड्राख्मा पाडले." आता टांकसाळीची वही तर कुणाच्या हाती लागलेली नाही. मग हा आकडा येतो कुठून? ठसे मोजून.

नवीन वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. ठसा म्हणजे नाण्यावर चित्र उमटवणारा कोरीव साचा. खालचा ठसा ऐरणीत पक्का बसवलेला. अथेन्सच्या नाण्यात त्यावर अथेनाचं डोकं. त्यावर चांदीची चकती, चकतीवर घुबडाचा वरचा ठसा, आणि त्यावर हातोडा. ठसे हाताने कोरलेले, त्यामुळे दोन ठसे तंतोतंत सारखे कधीच नसतात. संग्रहांतली नाणी शेजारी शेजारी मांडून खालचे ठसे किती ते मोजायचं, न सापडलेल्यांचा अंदाज बांधायचा आणि बेरजेला 20 हजारांनी, म्हणजे एका ठशातून पडलेली धरलेल्या सरासरी नाण्यांनी, गुणायचं. झाला आकडा!

माझं भांडण त्या 20 हजारांशी आहे. त्याला लेखी आधार म्हणून मुख्यतः ग्रीसमधल्या डेल्फीच्या देवस्थानाकडे बोट दाखवतात. इ.स.पू. 336 च्या सुमारास तिथल्या धर्मसंघाने जुनी नाणी वितळवून नवी पाडली आणि हिशेब दगडावर कोरला. त्यावरून नाण्यांचा अभ्यासक फिलिप किन्सने 1983 मध्ये गणित मांडलं: एका खालच्या ठशामागे 23,333 ते 47,250 नाणी. वरचा आकडा खालच्याच्या दुप्पट! त्यातही ही एका देवस्थानाची एक छोटी मालिका. तिच्या जिवावर अख्ख्या ग्रीक जगाची चांदी मोजायची? दुसरे नाणेअभ्यासक टी. व्ही. बट्री 1993-94 मध्ये सांगून मोकळे झाले की हे जमणारं कामच नाही. मला ते पटतं. तुम्हाला?

मोजपट्टी

नाही पटत. दोन वेगळ्या गोष्टींची तुम्ही खिचडी केली आहे. ठसे किती होते हा एक प्रश्न, नाणी किती पडली हा दुसरा. पहिल्याचं उत्तर बऱ्यापैकी भरवशाचं मिळतं.

समजा एका मालिकेची 120 नाणी तपासली आणि खालचे ठसे 40 निघाले. त्यांतले 18 ठसे असे की ज्यांचं प्रत्येकी एकच नाणं आहे. 18 भागिले 120, म्हणजे 15 टक्के. याचा अर्थ त्या मालिकेतली साधारण 15 टक्के नाणी अशा ठशांची आहेत जे आपण अजून पाहिलेलेच नाहीत. सगळे ठसे सारखेच टिकले असं इथे गृहीत धरावं लागत नाही, हे महत्त्वाचं. युक्ती मूळ गणितज्ञ अॅलन ट्यूरिंगची, त्यांचे सहकारी गुड यांनी 1953 मध्ये छापली. नाण्यांसाठी ती गणितज्ञ वॉरन एस्टी यांनी वापरली. एकूण ठसे हवे असतील तर एस्टींचं साधं सूत्र आहे: 120 गुणिले 40, भागिले 80. उत्तर 60.

आणि कित्येकदा गुणाकाराची गरजच पडत नाही. पोंटसचा (काळ्या समुद्राकाठचं राज्य) राजा मिथ्रिडेटीस सहावा याच्या चार ड्राख्मांच्या नाण्यांवर वर्ष आणि महिनासुद्धा असतो. नाणेअभ्यासक फ्रांस्वा द कालातै यांनी त्यांचे ठसे मोजले, तर इ.स.पू. 89 च्या आसपास, रोमशी युद्ध पेटताना, संख्या एकदम उसळलेली दिसते. एका ठशाची 10 हजार नाणी धरा नाहीतर 40 हजार, ती उसळी जागची हलत नाही.

खोटं_नाणं

मोजपट्टीताई, सूत्र ठीक. पण ते चालतं कधी? नाणी सरमिसळ होऊन आपल्यापर्यंत आली असतील तेव्हा. टांकसाळीतून थैली निघाली, कुणी ती तशीच पुरली, आणि अडीच हजार वर्षांनी ती सापडली, की एकाच ठशाची 30 नाणी एकदम हातात. तुमचे 120 मग 120 राहत नाहीत. शिवाय असे पुरलेले निधी चोरून खणले जातात आणि फुटकळ विकले जातात. तुर्कस्तानातल्या एल्मालीजवळ 1984 मध्ये सापडलेला मोठा निधी परदेशात गेला, तो 1999 मध्ये परत आला. त्याचा माग तरी लागला. बाकीच्यांचं काय?

भोसरीकर

मी नाण्यांतला नाही. 22 वर्षं प्रेस शॉपमध्ये काढली, पंच आणि डाय हेच आयुष्य. म्हणून दोन शब्द.

एकाच बारमधून कापलेल्या, एकाच भट्टीत हार्डनिंग केलेल्या दोन डाय. एक पहिल्याच शिफ्टला चारशे स्ट्रोकवर तडकली, दुसरी नव्वद हजारांनंतरही घासून परत लावली. दोन्हींची जॉब कार्डं मीच भरली. त्यामुळे "एका ठशाची 20 हजार" ऐकून हसू येणार होतं. पण आलं नाही. कारण कोटेशन देताना आम्हीही सरासरीच धरतो! एका डायवर पैज लावणारा माणूस बुडतो, साठ डायवर लावणारा सहसा तरतो. धागाकर्त्याचा मुद्दा छोट्या मालिकेला लागू, मोठीला नाही.

अजून एक. फोटोंत अथेनाच्या गालावर बारीक रेघ दिसली तर ती तडा असू शकते. पुढच्या नाण्यात ती नाकापर्यंत गेली असेल तर ते नाणं नंतरचं. आम्हीही असंच करतो: पेटीतला पीस उचलायचा, बर (कडेला उठलेली धातूची धार) बघायची, डायची किती वाट लागली ते कळतं. आणि वरचा ठसा आधी जाणारच, हातोडा थेट त्याच्या डोक्यात बसतो. खालचा ऐरणीत दबून सुखात असतो.

खोटं_नाणं

काका, दंडवत. पण तुमची सरासरी तुमच्याच जॉब कार्डांवरून काढलेली. अथेन्सची कार्डं कुठे आहेत? डेल्फीची कार्डं बघून अथेन्सचं कोटेशन द्याल का?

मोजपट्टी

देऊ, फक्त "अंदाजे" लिहून. इ.स.पू. 483 मध्ये जवळच्या लॉरियनच्या खाणींतून अथेन्सला 100 टॅलेंट चांदी मिळाली असं एक ग्रीक ग्रंथ सांगतो. अथेन्सचा नेता थेमिस्टोक्लीस याने ती जहाजांकडे वळवली. एक टॅलेंट म्हणजे 6,000 ड्राख्मा, म्हणजे चार ड्राख्मांची 1,500 नाणी. 100 टॅलेंटची झाली दीड लाख. 20 हजारांच्या हिशेबाने ठसे लागतील सात-आठ. 10 हजारांनी पंधरा. म्हणजे ज्या पैशातून आरमार उभं राहिलं तो दोन-चार महिन्यांत मूठभर ठशांतून पडू शकतो. तो दीडशे ठशांचा मामला नाही, एवढं तरी कळलं ना?

खोटं_नाणं

ती चांदी नाण्यांच्याच रूपात वाटली कशावरून? पण असो, तुमचा मुद्दा पोचला.

बाजारबुणगा

धागाकर्त्याला +१. अवांतर: इ.स.पू. 375 च्या अथेन्सच्या कायद्यानुसार बाजारात नाणी तपासायला सरकारी गुलाम बसायचा. चांदीखाली तांबं निघालं की नाणं तिथल्या तिथे कापायचं. जागेवर नाही बसला तर 50 फटके. कापलेली ती नाणी कुठल्या रकान्यात मोजणार, ताई?

गोदाकाठ

ग्रीक वळणाच्या नाण्यांची आपल्याकडची गंमत सांगतो. नाशिकजवळ जोगळटेंभीला 1906 मध्ये क्षत्रप नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा निधी सापडला, तेरा हजारांहून जास्त. राजाच्या मुखवट्याभोवती ग्रीक अक्षरं. त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप मारलेला. नीट पाहिलं तर चैत्याच्या चिन्हाखालून नहपानाचं नाक डोकावतं.

आता सातकर्णीचे ठसे मोजा, हातोड्याचे घाव किती पडले ते कळेल. पण त्या नऊ हजारांत त्याने एक ग्रॅमही नवी चांदी घातलेली नाही. ग्रीकांतही दुसऱ्याच्या नाण्यावर आपला ठसा मारायची पद्धत होतीच. म्हणजे ठसे मोजून "पाडलेली नाणी" मिळाली तरी "देशातली चांदी" मिळत नाही. दोन्ही बाजूंनी हे आधी कबूल करा, मग भांडा.

मोजपट्टी

हे कबूल. बिनशर्त.

खोटं_नाणं

मलाही. आणि ठसे मोजू नका असं मी म्हणत नाही. गुणाकार करून तो आकडा पाठ्यपुस्तकात घालू नका, एवढंच म्हणणं आहे. लिलावांच्या कॅटलॉगमधून घुबडांचे 40 फोटो जमवलेत. शनिवारी भिंग घेऊन बसतो. काका, सुरुवात कुठून करू?

भोसरीकर

अथेनाच्या डोळ्यापासून आणि कानातल्यापासून. शिरस्त्राणाच्या तुऱ्याच्या नादी लागू नकोस, तो बऱ्याच नाण्यांत चकतीच्या बाहेरच गेलेला असतो. आणि घुबडाची बाजू सध्या उलटी ठेव, त्यात शिरलास तर दिवाळी येईल.