मदत हवी आहे : स्कॉटलंडमधील लग्नासाठी किल्ट नीट कसा नेसावा?

नमस्कार. माझ्या भाचीचे लग्न इन्व्हरनेस येथे होणार आहे. वर तिथलाच असून दोन्ही घरच्या पुरुषांनी किल्ट, म्हणजे कमरेपासून गुडघ्यापर्यंतचे निऱ्यांचे स्कॉटिश वस्त्र, नेसावा अशी त्याच्या कुटुंबाची इच्छा आहे, आणि वधूचा मामा या नात्याने मी ती आनंदाने मान्य केली आहे. कापड त्यांच्या घराण्याच्या टार्टनचे, म्हणजे त्यांच्या ठरावीक चौकड्यांचे असेल आणि संपूर्ण पोशाख भाड्याने मिळेल. १७४६ च्या कायद्याने स्कॉटलंडच्या डोंगराळ हायलंड भागातील पुरुषांना हा पोशाख करण्यास मनाई केली होती आणि ती १७८२ मध्ये उठली, हे वाचल्यापासून तो केवळ हौस म्हणून कसाबसा गुंडाळू नये असे मला मनापासून वाटते.

किल्ट कमरेवर किती उंच बांधावा, पिन दोन्ही पदरांतून घालायची का, पुढची थैली आणि मोज्यातला चाकू कशासाठी असतात, वेस्टकोटासोबत पट्टा लावतात का, आणि त्या घराण्याचे टार्टन नेसण्याचा मला अधिकार आहे का, हे जाणकारांनी कृपया सांगावे. डोक्याला फेटा बांधला तर चालेल का, हेही विचारायचे आहे.

प्रतिसाद :

नमस्कार. मी अनेक वर्षे ग्लासगोत राहतो आणि इथल्या लग्नांत किल्ट नेसतो. अधिकाराची शंका प्रथम दूर करतो. कोणते टार्टन कोणी नेसावे याचा कायदा नाही, आणि वरपक्षाने स्वतःहून आपले टार्टन देऊ करणे हा तुमचा मानच आहे.

सदरा, मोजे आणि बूट आधी घालावेत, कारण किल्ट आवळून बांधल्यावर वाकणे अवघड जाते. किल्ट पँटच्या कमरेला नव्हे, तर बेंबीच्या पातळीवर बसतो आणि त्याची खालची कड गुडघ्याच्या वाटीच्या वरच्या टोकापासून मध्यापर्यंत कुठेतरी यावी. साडीच्या निऱ्या पुढे येतात, याच्या मात्र मागे. पुढे दोन सपाट पदर एकावर एक येतात. आतला पदर डाव्या बाजूला नेऊन त्याचा पट्टा कमरपट्टीतील फटीतून बाहेर काढून बकलात अडकवावा, मग वरचा पदर उजवीकडे आणून तिथली बकले लावावीत. बसताना मागच्या निऱ्या हाताने सारख्या करून बसावे, नाहीतर त्या चुरगळतात.

पिन फक्त वरच्या पदराला, खाली उजव्या कोपऱ्याजवळ लावावी. दोन्ही पदर एकत्र टोचले तर किल्ट मोकळा हलत नाही आणि कापड फाटण्याची भीती असते. ही चूक पाहुण्यांकडून फार होते, म्हणून आग्रहाने सांगतो.

पुढच्या थैलीला स्पोरन म्हणतात. किल्टला खिसे नसतात, त्यामुळे पैसे आणि किल्ल्या तिच्यात ठेवतात. ती साखळीने कंबरेभोवती बांधतात आणि वेस्टकोटाच्या खाली साधारण चार बोटांवर लोंबती ठेवतात. नाचताना ती बाजूला सरकवली तरी चालते. दिवसा साध्या चामड्याची आणि संध्याकाळच्या समारंभाला फर व चांदीकाम असलेली स्पोरन वापरण्याची रीत आहे. वेस्टकोट घातल्यास कंबरेला पट्टा लावू नये; किल्ट स्वतःच्या बकलांवर घट्ट राहतो.

मोजे गुडघ्याच्या खाली दोन-तीन बोटे दुमडावेत. त्यांना आत इलॅस्टिकचे बंद धरून ठेवतात आणि त्या बंदांना जोडलेल्या रंगीत पट्ट्या दुमडीखालून पायाच्या बाहेरच्या बाजूला दिसतात. स्कीन डू हा छोटा चाकू उजव्या हाताची व्यक्ती उजव्या मोज्यात खोचते आणि त्याची फक्त मूठ दिसू देते. राष्ट्रीय पोशाखाचा भाग म्हणून तो बाळगण्याची सवलत स्कॉटलंडच्या १९९५ च्या कायद्यात आहे. पण विमानात तो हातातल्या सामानात नेता येत नाही आणि काही सभागृहांतही मनाई असते. भाड्याच्या पोशाखात बहुधा पाते नसलेली नुसती मूठच देतात.

फेटा अवश्य बांधा. इथले शीख पुरुष लग्नात किल्टवर पगडी बांधतात आणि ते फार शोभून दिसते. वरपक्षाला आधी कळवा, टार्टनचा नमुना मागवून घ्या आणि त्यातला एकच गडद रंग फेट्यासाठी निवडा. चौकड्यांवर जरीची मोठी नक्षी टाळलेली बरी.