ओसाकाचा किल्ला की हिमेजी? आईबाबा सोबत आहेत, सल्ला हवाय

सह्यभटक्या
नमस्कार मंडळी. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात जपानला जातोय, मुक्काम ओसाकात. सोबत आई, बाबा आणि पाचवीतला मुलगा. क्योतो-नारा धरलं की किल्ल्यासाठी एकच दिवस उरतो. ओसाकाचा किल्ला हॉटेलपासून जवळ आहे. हिमेजीला ट्रेनने जावं लागेल. बाबा अजून सिंहगड चढतात, पण आईचे गुडघे कुरकुरतात. एवढी वाट वाकडी करण्यात अर्थ आहे का? आम्ही शाकाहारी आहोत, त्याबद्दलही सांगा.

ओसाकाकर
हिमेजी, डोळे झाकून. ओसाकाचा मनोरा बाहेरून देखणा आहे, पण इमारत 1931 ची, काँक्रीटची. आत संग्रहालय आणि लिफ्ट. तिथे खरे बघण्यासारखे आहेत ते तटाचे दगड. साकुरा दरवाज्यातून आत शिरलात की समोर एक अखंड दगड दिसेल, वजन शंभर टनांच्या वर असल्याचा अंदाज आहे. त्याला तिकीट नाही, एखाद्या संध्याकाळी पाय मोकळे करायला जा.

हिमेजीचा मनोरा लाकडी आहे, इकेदा तेरुमासा या सरदाराने 1609 मध्ये पुरा केलेला. असे जुने मनोरे अख्ख्या जपानात बाराच उरलेत. शिन-ओसाकाहून शिनकानसेनने, म्हणजे बुलेट ट्रेनने, अर्धा तास लागतो. घाई नसेल तर ओसाका स्टेशनवरून जेआर रेल्वेची शिनकाइसोकु, म्हणजे मोजक्या स्टेशनांवर थांबणारी साधी गाडी, पकडा. तासाभरात सोडते आणि जलद गाडीचं वेगळं तिकीट लागत नाही. हिमेजीला उतरलात की समोरच्या सरळसोट रस्त्याच्या टोकाला किल्ला दिसतोच.

मोगरा
थोडं वेगळं मत. बाहेरून हिमेजी अप्रतिम, वादच नाही. पण मनोऱ्याच्या आत काय आहे? रिकाम्या खोल्या आणि माणसांची रांग. जिने जवळजवळ शिडीसारखे उभे. बूट काढून पिशवीत घालायचे, पिशवी हातात, पायात मोजे, आणि पायऱ्या झिजून गुळगुळीत झालेल्या. तुमच्या आईंना तिथे चढवू नका.

जंग्या_आणि_चर्या
मोगराताई, रिकामं असणारच. सरदार तिथे राहत नसे, त्याचा वाडा खाली. मनोरा अडीअडचणीच्या वेळेसाठी. भिंतीवर भाले आणि बंदुका टांगायच्या खुंट्या बघितल्यात का? आणि सहा मजल्यांमधून वर गेलेले ते दोन खांब? पूर्वेचा बराचसा जुना आहे, पश्चिमेचा 1956 ते 1964 च्या मोठ्या दुरुस्तीत बदलला. त्या खांबांपाशी थांबायचं सोडून सगळे वरच्या मजल्यावर फोटोला पळतात.

पण माझ्या मते हिमेजीचा खरा ऐवज म्हणजे वर जाणारी वाट. हिशी दरवाज्यातून आत आलात की मनोरा हाताच्या अंतरावर वाटतो, आणि वाट तुम्हाला भलतीकडेच नेते. वळणं घेत दरवाजे अरुंद होत जातात, एके ठिकाणी तर चढायचं सोडून उतरावंच लागतं. शत्रूला वाटावं आपण चुकलो, आणि तेवढ्यात वरून गोळ्या. रायगडाचा महादरवाजा जसा दोन बुरुजांच्या आड लपवलाय, त्याच जातीची अक्कल. दोन्ही बाजूंच्या पांढऱ्या भिंतींत जंग्या, म्हणजे गोळ्या झाडायची भोकं, आहेत: गोल, त्रिकोणी, चौकोनी. मुलाला त्या शोधायला लावा, तासभर कुरकुरणार नाही. तटात नीट बघितलंत तर जुन्या दगडी शवपेट्याही बसवलेल्या दिसतात, दगड कमी पडला की जे मिळेल ते.

गंमत म्हणजे एवढा सगळा बंदोबस्त करूनही या मनोऱ्यावर कधी हल्ला झालाच नाही. 1945 मध्ये शहर बाँबने जळालं, हा उभा राहिला.

सह्यभटक्या
वा, बाबांना हे वाचून दाखवलं, ते आता ऐकणार नाहीत! पण आई काय करेल?

ओसाकाकर
तिकिटाचा हिशोब आधी. मार्च 2026 पासून शहराबाहेरच्या प्रौढांना 2500 येन, 18 च्या आतल्यांना फुकट. मनोरा चढायचा नसेल तर काकूंचं तिकीट काढायची गरजच नाही. खालचं सान-नो-मारू मैदान मोफत आहे, तुमच्या तारखांना तिथे चेरी फुललेली असेल, बसायला भरपूर जागा. शेजारीच कोको-एन बाग आहे. 1992 मध्ये जुन्या सामुराई घरांच्या जागेवर केली, पाणी, मासे, चहाघर सगळं. तिचं तिकीट वेगळं, पण चालायला किल्ल्यापेक्षा कितीतरी सोपी.

एप्रिलची गर्दी म्हणजे गर्दी. नऊला दार उघडतं, तेव्हा तिथे असा.

मोगरा
किंवा काकूंना निशी-नो-मारूत, म्हणजे किल्ल्याच्या पश्चिम भागात, न्या. त्यासाठी तिकीट लागेल आणि थोडा चढ आहे, पण मनोऱ्याच्या मानाने काहीच नाही. तिथली लांबलचक लाकडी ओसरी मला मनोऱ्यापेक्षा आवडली. शोगुन तोकुगावा इएयासूची नात सेनहिमे होंडा घराण्यात दिली होती, तिच्या परिवारासाठी या खोल्या. तिथे मात्र निवांतपणा मिळतो.

खाण्याचं: स्टेशनवरच्या सोब्याच्या, म्हणजे जपानी नूडल्सच्या, रश्श्यात माशाचा अर्क असतो, वरून भाज्या दिसल्या तरी. कोपऱ्यावरच्या दुकानात उमेबोशीची, म्हणजे खारवलेल्या आंबट फळाची ओनिगिरी, म्हणजे भाताचा गोळा, घ्या, मागचा मजकूर फोनवर वाचून. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बॅगेत असूच द्या.

पर्वतीकर
उशिरा आलो. हिमेजी बारापर्यंत आटपलं तर शिनकानसेनने तसंच पुढे ओकायामाला जा, वीसेक मिनिटं. पुण्यात सिंहगड रस्त्यावरची पु. ल. देशपांडे बाग ज्या कोराकुएनवरून केली, ती मूळ बाग तिथे आहे. नदीपलीकडे काळा किल्ला, तोही काँक्रीटचा, पण बागेतून झकास दिसतो.

सह्यभटक्या
पर्वतीकर, मोह होतोय, पण आईला एका दिवसात दोन शहरं जड जातील. हिमेजी नक्की. मी, बाबा आणि चिरंजीव वर, आई आधी मैदानात, मग कोको-एनमध्ये. सामान स्टेशनवर ठेवता येतं का?

ओसाकाकर
हो, नाण्यांचे लॉकर आहेत. मोठी बॅग असेल तर मात्र सकाळीच गाठा, दहानंतर रिकामा मिळणं कठीण.