मटणाचा धागा चमकतोय पण पट्टे दिसेनात, मदत हवी आहे

मी सांगलीत एमएस्सी झूलॉजीला आहे, प्रोजेक्ट पोलराइज्ड लाइटखाली (एकाच दिशेत कंपन करणारा प्रकाश) स्नायूंची रचना. पोलरायझिंग मायक्रोस्कोप नाहीये, मग बंद पडलेल्या कॅल्क्युलेटरच्या डिस्प्लेवरची पोलरायझिंग फिल्म सोलून दोन तुकडे केले, एक खाली लाइटवर, एक आयपीसमध्ये. एक आडवा एक उभा केला की सगळं काळंकुट्ट, इथवर झकास. सकाळी बकऱ्याच्या मांडीचं मटण आणलं (आई म्हणाली अर्धा किलोच आण, उरलेल्याचा रस्सा करू), सुईनं धागे सोडवले, ग्लिसरीनमध्ये ठेवून 40एक्सला बघितलं.

धागा उजळतो, 45 अंशाला सगळ्यात जास्त, फिल्मच्या रेषेत आला की विझतो. पण उजळ ए बँड, काळा आय बँड असे पट्टे पाहिजेत ना, नावंच त्यावरून पडलीत, अ‍ॅनआयसोट्रॉपिक आणि आयसोट्रॉपिक, म्हणजे पहिला पोलराइज्ड लाइटवर परिणाम करून उजळतो, दुसरा करत नाही. मला नुसतीच दुधाळ पट्टी दिसते. आणि काही नागमोडी तंतू कसेही फिरवा, पूर्ण विझतच नाहीत. परवा सरांना दाखवायचंय, काय चुकतंय?

प्रतिसाद १
नागमोडी ते कोलॅजन, स्नायू बांधून ठेवणारे तंतू, सोडून द्या. ताई, मटण आणल्यावर फ्रीजमध्ये ठेवलेलं का?

धागाकर्ती
हो, दोन-तीन तास, कॉलेजला जायचं होतं.

प्रतिसाद १
तिथंच घोटाळा. ताजं गरम मटण एकदम गार केलं की स्नायू आखडतो. 1954 ला दोन हक्सली शास्त्रज्ञांनी, म्हणजे ह्यू आणि अँड्र्यू, आपापल्या सहकाऱ्यांबरोबर हेच दाखवलं की आकुंचनात ए बँड तेवढाच राहतो, आय बँड बारीक होतो. तुमचा आयच गायब झालाय, मग काळं दिसणार काय? बोकड कापल्या कापल्या पातळ पट्टी घ्या, जरा ताणून काडेपेटीच्या काडीला दोन्ही टोकं बांधा, मग 50 टक्के ग्लिसरीनमध्ये घालून फ्रीजात. आणि धागा अजून बारीक सोडवा, सार्कोमिअर (ए-आय पट्ट्यांचा एक पूर्ण संच) जेमतेम दोन-अडीच मायक्रॉनचा, जाड धाग्यात पट्टे एकावर एक चढून पुसले जातात.

प्रतिसाद २
परवापर्यंत घाई असेल तर खेकड्याची नांगी फोडा, त्यातले सार्कोमिअर बकऱ्यापेक्षा कितीतरी लांब असतात, साध्या लेन्सला पण सुटे दिसतील.

धागाकर्ती
दादा, काडी बांधते उद्या पहाटे, खाटीकमामांना आत्ताच सांगून आले, ते हसले पण हो म्हणाले. खेकडा हरिपूरला संगमावर मिळेल का कुणाला माहितीये? आणि नांगी जिवंतपणी बांधूनच आणायची ना, मला भीती वाटते.