नोकरी सोडून भिरंडांचा (कोकमांचा) धंदा: पहिल्या वर्षी किती माल?

प्रश्न: पणजीतली नोकरी सोडून डिचोलीत आगळ-सोलांचा, म्हणजे कोकमाचा खारवलेला रस आणि वाळवलेल्या साली यांचा, धंदा करायचा विचार आहे. घरचे म्हणतात, वेड लागलंय. सुरुवात कितीने करावी?

उत्तर: शंभर किलो फळ, त्यावर नको. हंगाम एप्रिल-मे, जूनचा पाऊस आला की वाळवण बोंबललं. साली रसात बुडवून पुन्हा उन्हात, असं पाच-सहा वेळा. आत ओल राहिली की बुरशी. आगळात १५-२० टक्के मीठ. हात आखडलात तर बाटली फसफसते.

उत्तर: ॲल्युमिनियमची भांडी नकोत, आंबट रस धातू खातो. काच किंवा स्टील. एफएसएसएआय (अन्न सुरक्षा) नोंदणी आधी करा. राजीनाम्याची घाई कशाला? फळवाला रोख मागतो, दुकानदार उधारीवर माल ठेवतो. त्या मधल्या महिन्यांना पगार लागतो.