सहा महिने नुसते अलंकार घोटायचे?

भुसावळकर: काल इथे एकाने लिहिलं, ‘नवशिक्याला व्हायोलिनवर सहा महिने अलंकारांपलीकडे, म्हणजे स्वरांच्या पलट्यांपलीकडे, काही देऊ नये, गाणं दिलं की हात बिघडतो.’ वाचून डोकं तापलं. माझ्या मुलीने आठ महिने ‘सारेगम, रेगमप’ घासलं. त्यात आपल्याकडचा मे महिना, ४५ डिग्री! लाकूड सुकून खुंट्या सरकायच्या, अर्धा तास तारा जुळवण्यातच. जूनमध्ये तिने व्हायोलिन कपाटावर ठेवलं, ते अजून तिथंच आहे. एक साधं भजन वाजवू दिलं असतं तर पोरगी टिकली असती.

धुळेकर: ते मीच लिहिलं. पोरीचं वाईट वाटलं, पण मत बदलत नाही. व्हायोलिनला सतारीसारखे पडदे नाहीत, भो. बोट दोन मिलिमीटर सरकलं की गंधार, म्हणजे ‘ग’, गेला. गाण्याच्या नादात मूल ते ऐकतच नाही.

पारोळेकर: पण घोटता कशावर? क्लासमध्ये पेटी, म्हणजे हार्मोनियम, वाजते आणि मुलं तिच्यामागे. पेटीचा शुद्ध गंधार तानपुऱ्यातून ऐकू येणाऱ्या गंधारापेक्षा १४ सेंट चढा, म्हणजे अर्ध्या स्वराच्या सातव्या हिश्श्याएवढा. सहा महिने तोच कानात बसतो! १९४० मध्ये आकाशवाणीने पेटी उगाच बंद केली नव्हती.

रावेरकर: आणि पुढे ती बंदी उठलीच ना? वडील केळीच्या बागेतून दमून यायचे, हातपाय धुऊन पेटी काढायचे. त्या सुरांवर मी व्हायोलिन शिकलो. आमच्या भजनी मंडळात कुणी मला बेसूर म्हणालं नाही. शहाणपण शिकवू नका.

पारोळेकर: तुमच्या वडिलांबद्दल मी अक्षर बोललो नाही. गंधाराबद्दल बोललो.

रावेरकर: आमच्या घरात ते वेगळं नाही.

धुळेकर: अहो, पेटीवर नुसता सा-प धरून ठेवा, बाकीचे स्वर कानाने शोधू द्या. किंवा मोबाइलवर तानपुरा लावा. आणि एकेका स्वरावर अख्खा गज (बो) ओढायचा, सावकाश. आवाजाचा कर्कशपणा तिथंच जातो. मुलीला हे कुणी सांगितलं होतं का?

भुसावळकर: नाही. नुसतं ‘घोटा’ म्हणायचे. सा-पचं पटलं, एवढं मान्य करतो. पण रोज शेवटची दहा मिनिटं गाणं हवंच.

धुळेकर: पाच. तेही भूप रागातलं, पाचच स्वरांचं.

भुसावळकर: पाच तर पाच. पण पहिल्या महिन्यापासून.

रावेरकर: पेटीबद्दलचे शब्द अजून कुणी मागे घेतलेले नाहीत.