आयता मिळालेला हक्क नव्हे

वर एका प्रतिसादात म्हटलंय की इंग्लंडमधल्या बायकांनी मतासाठी तुरुंगवास सोसला, आपल्याकडे मात्र राज्यघटनेनं १९५० साली तो हक्क आयता हातात ठेवला. हे मला अजिबात मान्य नाही.

डिसेंबर १९१७ मध्ये सरोजिनी नायडूंच्या नेतृत्वाखाली स्त्रियांचं शिष्टमंडळ मद्रासला ब्रिटिश सरकारचे भारतमंत्री माँटेग्यूंना भेटलं आणि मताधिकार मागितला. पुढे मताधिकार कुणाला द्यायचा हे ठरवायला नेमलेल्या साउथबरो समितीनं ती मागणी फेटाळली. तेव्हा १९१९ मध्ये मुंबईच्या हेराबाई टाटा आणि त्यांची मुलगी मिठन (याच पुढे बॅरिस्टर झाल्या) लंडनला गेल्या, ब्रिटिश संसदेच्या समितीपुढे बाजू मांडायला. या मायलेकींचं नाव किती जणांनी ऐकलंय? शाळेत तर आम्हाला कुणी सांगितलं नाही, आणि याचा मला खरंच राग येतो.

संसदेनं निर्णय प्रांतिक कायदेमंडळांवर ढकलला. १९२१ मध्ये मद्रास आणि मुंबईनं होकार दिला, पण अट मालमत्तेची. म्हणजे दुसऱ्याच्या शेतात राबणारी बाई बाहेरच. १९३५ च्या भारत सरकार कायद्यानं ही अट थोडी सैल केली, एवढंच.

आणि घटनेनंतरही सगळं सुरळीत झालं नाही. पहिल्या निवडणुकीच्या याद्या करताना, विशेषतः उत्तरेत, असंख्य बायकांनी स्वतःचं नाव न सांगता 'अमक्याची आई', 'तमक्याची बायको' अशी नोंद केली. निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशा नोंदी चालणार नाहीत असं ठरवलं. नावं दुरुस्त करायला सांगूनही शेवटी सुमारे २८ लाख स्त्रिया यादीतून वगळल्या गेल्या.